एका कानाने ऐकलेला ऑर्केस्ट्रा

प्रश्न असा आला आहे: "मी साउंड इंजिनिअरिंग शिकतोय. बीच बॉइज या अमेरिकन पॉप बँडचा ब्रायन विल्सन एका कानाने बहिरा होता, मग तो एवढा मोठा प्रोड्यूसर कसा झाला? आणि मानसिक आजारामुळेच त्याला तसं संगीत सुचलं असं आमच्या वर्गात म्हणतात, ते खरं आहे का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते चुकलं तर पहिलंही चुकतं. नाही, खरं नाही. मुंबईत रेकॉर्डिस्ट आणि अरेंजर म्हणून काम करायला लागून मला २७ वर्षं झाली. ब्रायनच्या १९६६च्या सेशनच्या, म्हणजे रेकॉर्डिंगच्या बैठकांच्या, टेप्स मी इतक्यांदा ऐकल्यात की काही टेक, म्हणजे एकाच गाण्याचे पुन्हा पुन्हा घेतलेले प्रयत्न, तोंडपाठ आहेत. त्या टेप्सवर ऐकू येतो तो एक तयारीचा, चौकस, कामात बुडालेला २३ वर्षांचा मुलगा. काचेपलीकडे बसलेल्या, त्याच्याहून वयाने मोठ्या वादकांना तो टॉकबॅकवरून, म्हणजे त्यांच्याशी बोलायच्या माइकवरून, सांगतो की अमुक सूर आखूड हवा, तमुक ठिकाणी हॉर्न जरा उशिरा आला. पार्ट गाऊन दाखवतो, पुन्हा घेऊया म्हणतो. या कामात वेड कुठेच नाही, कष्ट आहेत. आजार त्याच्या आयुष्यात आला तो घ्यायला आला, आणि त्याने फार घेतलं.

आता कानाचं. ब्रायनला उजव्या कानाने जवळजवळ ऐकूच येत नसे. साठच्या दशकातलं आपलं उत्तम काम त्याने मोनोमध्ये केलं, म्हणजे डावा-उजवा असा भेद नसलेल्या एकाच आवाजात. लोक हे व्यंग म्हणून सांगतात. मला यातलं तथ्य स्वतःवर बेतलं तेव्हा कळलं. काही वर्षांपूर्वी माझ्या डाव्या कानाला संसर्ग झाला आणि तीन आठवडे त्या बाजूने सगळं बंद. नेमकं तेव्हाच एका नाटकाचं पार्श्वसंगीत पूर्ण करून द्यायचं होतं. पहिल्या दिवशी मी हबकलो. एरवी गिटार आणि हार्मोनियम एकमेकांत घुसले की मी एकाला डावीकडे, दुसऱ्याला उजवीकडे सरकवून मोकळा होत असे. आता डावं-उजवं असं काही उरलंच नव्हतं. दोन वाद्यं वेगळी ऐकू यायला हवीत, तर ती मुळातच वेगळी असायला हवी होती: एक खालच्या सप्तकात तर दुसरं वरच्या, एकाचा सूर लांब तर दुसऱ्याचा तुटक. म्हणजे जे काम मी मिक्समध्ये, शेवटी आवाज एकत्र जुळवताना, ढकलत होतो ते अरेंजमेंटमध्येच, कुठल्या वाद्याने काय वाजवायचं हे ठरवतानाच, व्हायला हवं होतं. ब्रायनला दुसरी वाटच उपलब्ध नव्हती. त्याने प्रत्येक वाद्याला स्वतःची जागा आधीच दिली, म्हणून साठ वर्षांनंतरही एका छोट्या स्पीकरवर त्याचा पंधरा वादकांचा ताफा गिचमीड होत नाही.

ही कानाची तयारी कुठून आली? जन्म २० जून १९४२, कॅलिफोर्नियातल्या इंगलवूडचा. वाढला जवळच्याच हॉथॉर्नमध्ये. धाकटे दोन भाऊ, डेनिस आणि कार्ल. वडील मरी विल्सन यांचा यंत्रसामग्रीचा छोटा धंदा होता, आणि स्वतः गाणी रचून नाव काढण्याची जबर हौस, जी कधी फळली नाही. घरात पियानो होता, संगीत होतं आणि वडिलांचा मारही होता. ब्रायनला 'फोर फ्रेशमेन' या चार गायकांच्या गटाच्या हार्मनीचं वेड होतं. तो रेकॉर्ड लावायचा, दोन मात्रा ऐकून थांबवायचा आणि चार आवाजांतला एकेक पियानोवर शोधून काढायचा. मग पुढच्या दोन मात्रा. आपल्याकडे गुरूची तान एकेक सूर सोडवून गळ्यावर चढवतात, तसंच हे. सोळाव्या वाढदिवसाला टेप रेकॉर्डर मिळाला तेव्हा तिघा भावांची एकच खोली हाच त्याचा स्टुडिओ झाला. भावांना त्यांचे त्यांचे आवाज शिकवायचे, टेपवर घ्यायचे, वर आपला आवाज चढवायचा. वय सोळा, आणि तो प्रोड्यूसरचं काम करत होता, फक्त त्याला तसं म्हणत नसत.

आतेभाऊ माइक लव्ह आणि मित्र अल जार्डीन हे दोघं सामील झाले आणि १९६१च्या अखेरीस पहिली रेकॉर्ड आली. १९६२मध्ये कॅपिटल कंपनीशी करार झाला. गाणी लाटांवर स्वार होणाऱ्या पोरांची, गाड्यांची, समुद्रकिनाऱ्याची. भावांपैकी सर्फिंग खरं करायचा तो डेनिस. ब्रायन पाण्यापासून लांबच राहायचा. पण माझ्या दृष्टीने त्या काळातली मोठी गोष्ट वेगळीच आहे. विशीतल्या या मुलाने कॅपिटलच्या स्वतःच्या स्टुडिओत रेकॉर्ड करायला नकार दिला आणि हॉलिवूडच्या 'वेस्टर्न रेकॉर्डर्स'मध्ये, चक ब्रिट्झ या इंजिनिअरसोबत, काम करायची मुभा मिळवली. त्या काळी गायकाने गायचं आणि निघून जायचं, आवाज कसा घ्यायचा हे कंपनीचा माणूस ठरवायचा. गाणं लिहिणारा, बसवणारा, गाणारा आणि काचेच्या या बाजूला बसून निर्णय घेणारा माणूस एकच असणं हे अमेरिकन पॉपमध्ये तेव्हा फार दुर्मिळ होतं.

१९६३मध्ये गाडी चालवताना त्याने रेडिओवर रॉनेट्स या गायिकांच्या गटाचं 'बी माय बेबी' ऐकलं आणि गाडी कडेला घेतली. त्याचा प्रोड्यूसर फिल स्पेक्टर याने तीन-तीन गिटार, दोन-दोन पियानो एकाच खोलीत एकत्र वाजवून एक भिंतीसारखा आवाज उभा केला होता. ब्रायन स्पेक्टरच्या सेशनना जाऊन बसू लागला, त्याचेच वादक घेऊ लागला. ड्रमवर हॅल ब्लेन, बेसवर कॅरल के, पियानोवर डॉन रँडी, आणि असे कितीतरी. पुढे 'रेकिंग क्रू' या नावाने ओळखले गेलेले हे वादक दिवसाला तीन-तीन सेशन करत आणि रेकॉर्डच्या वेष्टनावर त्यांचं नावही नसे. हे लिहिताना मला गोव्याहून मुंबईत आलेले आपले वादक आणि अरेंजर आठवतात. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्यांनी हिंदी चित्रपटसंगीताला जो भरणा दिला, त्याचं श्रेयही कित्येक वर्षं पडद्याआडच राहिलं. स्टुडिओची अर्थव्यवस्था दोन्ही शहरांत सारखीच निष्ठुर होती.

मात्र ब्रायनने स्पेक्टरची नुसती नक्कल केली नाही. भिंत बांधताना स्पेक्टर विटा दिसू देत नसे. ब्रायनने दोन वाद्यं एकत्र करून तिसराच रंग तयार करायचं तंत्र घेतलं, पण मोकळी हवा ठेवली. त्याच्या गाण्यांत पुष्कळदा उभा ॲकूस्टिक बेस आणि इलेक्ट्रिक बेस एकच ओळ वाजवतात. एकाचा गोल घुमारा, दुसऱ्याची पिकने काढलेली टोकदार सुरुवात. कानाला वाटतं हे एकच वाद्य आहे, फक्त आपण ते आधी कधी पाहिलेलं नाही.

२३ डिसेंबर १९६४ रोजी लॉस एंजेलिसहून ह्यूस्टनला जाणाऱ्या विमानात तो अक्षरशः कोलमडला. भीतीचा झटका, रडणं, ओरडणं. वय २२. त्याआधीच्या दोन-अडीच वर्षांत गाणी लिहिणं, अल्बममागून अल्बम काढणं, दौरे आणि वडिलांशी भांडण हे सगळं एकाच डोक्यावर होतं. त्याच वर्षी बँडने वडिलांना मॅनेजरपदावरून दूर केलं होतं. या प्रसंगानंतर त्याने दौरे सोडले. त्याच्या जागी आधी ग्लेन कॅम्पबेल आणि मग ब्रूस जॉन्स्टन मंचावर जाऊ लागले. बँड गावोगाव गात फिरायचा, ब्रायन घरी बसून संगीत तयार करायचा. बँड परतला की त्यांच्या पुढ्यात तयार वाद्यसंगीत ठेवायचं आणि आवाज घ्यायचे.

यातून १६ मे १९६६ रोजी 'पेट साउंड्स' हा अल्बम आला. बोल टोनी ॲशर या जाहिरातींची कॉपी लिहिणाऱ्या तरुणाबरोबर रचलेले. या अल्बमवर मी रात्रभर बोलू शकतो, पण इथे एकाच गाण्याशी थांबतो: 'गॉड ओन्ली नोज'.

आपल्या भाषेत सांगायचं तर कॉर्ड म्हणजे एकत्र वाजलेले तीन-चार सूर, आणि त्यांतला पायाचा सूर हा त्या कॉर्डचा सा. साधारणपणे बेस तो सा धरून बसतो, म्हणून ऐकणाऱ्याला जमिनीवर उभं असल्यासारखं वाटतं. या गाण्यात बेस पुन्हा पुन्हा सा सोडून गंधारावर किंवा पंचमावर उतरतो. जमीन पायाखाली येतेय येतेय असं वाटतं आणि येत नाही. गाणं नेमकं ए पट्टीत आहे की ई पट्टीत, यावर जाणकार अजून वाद घालतात. आता बोल आठवा: मी तुझ्यावर कायम प्रेम करेनच असं नाही, अशी कबुली देऊन प्रेमगीत सुरू होतं. शब्द डळमळीत आणि खालचा बेसही डळमळीत. या मेळासाठी त्याने कुठला इफेक्ट वापरला नाही, कुठलं यंत्र वापरलं नाही. फक्त बेसने कोणता सूर धरायचा हे ठरवलं.

त्या सेशनमध्ये मधला वाद्यांचा तुकडा काही केल्या बसत नव्हता. एका वादकाने सुचवलं की हे सूर तुटक वाजवून पाहू. ब्रायनने तत्काळ मान्य केलं, आणि आज आपण ऐकतो तो टक-टक-टक तुकडा तयार झाला. विसाच्या आसपास टेक झाले. मुख्य आवाज स्वतःचा न ठेवता त्याने तो धाकट्या कार्लला दिला, कारण त्या आवाजातली कोवळीक गाण्याला हवी होती. स्वतः उत्तम गाणाऱ्या माणसाने आपलं सर्वांत सुंदर गाणं दुसऱ्याला देणं सोपं नसतं. मी गायक-संगीतकारांबरोबर काम करतो, ते किती अवघड जातं हे रोज पाहतो.

याच अल्बममधल्या 'कॅरोलाइन, नो'च्या सुरुवातीला जो घुमणारा ठोका आहे, तो पाण्याच्या कूलरवरच्या प्लॅस्टिकच्या रिकाम्या मोठ्या बाटलीचा. हॅल ब्लेनने ती वाजवली. गाण्याच्या शेवटी आगगाडी जाते आणि ब्रायनची दोन कुत्री, बनाना आणि लुई, भुंकतात. वडिलांच्या सूचनेवरून या गाण्याची टेप किंचित वेगाने फिरवून आवाज अर्ध्या सुराने वर नेला, म्हणून तो जरा अधिकच पोरसवदा वाटतो.

तुम्ही विद्यार्थी आहात म्हणून तांत्रिक बाजूही नीट सांगतो. वाद्यं बहुतेक वेळा चार ट्रॅकच्या, म्हणजे आवाजाच्या चार स्वतंत्र पट्ट्यांच्या, टेपवर एकत्र, एका खोलीत वाजवून घेतली जात. मग ते चारही ट्रॅक मिसळून दुसऱ्या टेपच्या एकाच ट्रॅकवर उतरवले जात, आणि उरलेल्या ट्रॅकवर आवाज. कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत आठ ट्रॅकचं मशीन होतं, तिथे आवाजांसाठी सात ट्रॅक मिळत. याचा अर्थ नीट लक्षात घ्या: आवाज घ्यायच्या आधीच सगळ्या वाद्यांचा समतोल कायमचा ठरून गेलेला असे. "व्हायोलिन नंतर थोडं कमी करू" हे वाक्यच शक्य नव्हतं. कुठल्या आवाजाला किती जागा लागणार हे त्याला आधीच मनात ऐकू येत असे. १९९७मध्ये निघालेल्या 'पेट साउंड्स'च्या संचासाठी मार्क लिनेट या इंजिनिअरने मूळ वाद्यांच्या टेप आणि आवाजांच्या टेप एकमेकींशी जुळवून पहिल्यांदा खरं स्टिरिओ मिक्स केलं. त्याच संचात ती सेशनची बोलणी आहेत. मिळवून ऐकाच.

अमेरिकेत हा अल्बम दहाव्या क्रमांकापर्यंत गेला, म्हणजे बीच बॉइजच्या मानाने बेताचाच. कंपनीने दोनच महिन्यांत जुन्या गाजलेल्या गाण्यांचा संग्रह बाजारात आणला. ब्रायनच्या मनाला ते लागलं. इंग्लंडमध्ये मात्र तो दुसऱ्या क्रमांकावर पोचला, आणि पॉल मॅकार्टनी आजवर 'गॉड ओन्ली नोज'ला आपल्या सर्वांत आवडत्या गाण्यांत धरतो. बीटल्सचे प्रोड्यूसर जॉर्ज मार्टिन यांनी मोकळेपणाने सांगितलं होतं की 'सार्जंट पेपर' हा त्यांचा अल्बम 'पेट साउंड्स'ची बरोबरी करण्याचा प्रयत्न होता.

लगेच पुढे 'गुड व्हायब्रेशन्स'. साडेतीन मिनिटांचं गाणं, फेब्रुवारी ते सप्टेंबर १९६६ असे सात महिने, चार वेगवेगळे स्टुडिओ. ब्रायनने गाणं अखंड न घेता तुकड्यातुकड्यांनी घेतलं आणि कात्री-चिकटपट्टीने टेप जोडली. प्रत्येक खोलीचा घुमारा वेगळा, म्हणून जोड आली की जणू दार उघडून दुसऱ्या खोलीत शिरल्यासारखं वाटतं. आज संगणकावर आपण तुकडे उचलून इकडून तिकडे ठेवतो, त्याची ही पूर्वतयारीच. त्यातलं भुतासारखं कण्हणारं वाद्य थेरेमिन आहे असं सगळे सांगतात. ते खरं तर पॉल टॅनर यांचं इलेक्ट्रो-थेरेमिन. थेरेमिनला हात न लावता हवेत वाजवतात, यात पट्टीवर एक मूठ सरकवून सूर धरायचा असतो. डिसेंबरमध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.

इथून पुढचा भाग लिहिताना मला त्रास होतो. 'स्माइल' हा पुढचा अल्बम त्याने व्हॅन डाइक पार्क्स यांच्या शब्दांवर सुरू केला. नोव्हेंबर १९६६मध्ये आगीवरच्या एका तुकड्यासाठी वादकांना अग्निशामकांची खेळण्यातली शिरस्त्राणं घातली गेली. त्याच सुमारास जवळच्या एका इमारतीला आग लागल्याचं कळलं, आणि आपल्या संगीतानेच ती लागली की काय या भीतीने त्याने तो तुकडा बाजूला ठेवला. या प्रसंगाचे किस्से लोक चवीने सांगतात. मला त्यात एक घाबरलेला तरुण दिसतो, ज्याला तोवर डोक्यात आवाज ऐकू यायला लागले होते आणि शेजारी कुणाला नेमकं काय करावं हे कळत नव्हतं. अमली पदार्थांनी भर घातली. बँडमध्ये या नव्या वळणावर कुरबुर होती, कंपनीशी कोर्टकज्जा सुरू झाला होता. मे १९६७मध्ये 'स्माइल' थांबला. १९६९मध्ये वडिलांनी त्याच्या गाण्यांचे प्रकाशनहक्क ७ लाख डॉलरना विकून टाकले.

त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षं थोडक्यात सांगतो. अंथरुणाला खिळलेले महिने, प्रचंड वाढलेलं वजन, व्यसन. युजीन लँडी हा मानसशास्त्रज्ञ १९७५मध्ये आणि पुन्हा १९८२नंतर आला. त्याने ब्रायनला अंथरुणातून उठवलं हे खरं, पण हळूहळू त्याच्या आयुष्याचा, पैशाचा आणि गाण्यांच्या श्रेयाचाही ताबा घेतला. १९८९मध्ये लँडीला परवाना सोडावा लागला, १९९२मध्ये कोर्टाने त्याला ब्रायनपासून दूर राहायला सांगितलं. ब्रायनचा आजार स्किझोअफेक्टिव्ह डिसऑर्डर, म्हणजे भास आणि मनःस्थितीतले टोकाचे चढउतार एकत्र असणारा, होता, असं निदान योग्य उपचारांनंतर पक्कं झालं. दरम्यान १९८३मध्ये डेनिस बुडून गेला, १९९८मध्ये कार्ल कर्करोगाने.

आता तुमच्या वर्गातल्या समजुतीकडे पुन्हा या. आजार जर संगीत देत असता, तर या वर्षांत ते सर्वांत जास्त यायला हवं होतं. आलं नाही. आलं ते नीट औषधं, पत्नी मेलिंडाचा आधार आणि जीव लावणारे तरुण वादक भोवती जमल्यावर. सदतीस वर्षं अडकलेला 'स्माइल' त्याने त्यांच्यासोबत आणि पार्क्ससोबत पुरा केला, आणि २० फेब्रुवारी २००४ रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये पहिल्यांदा अखंड सादर झाला. ज्या आगीच्या तुकड्याने तो एकेकाळी घाबरला होता, त्याच तुकड्यासाठी त्याला ग्रॅमी मिळालं. डोक्यातले आवाज पूर्ण थांबले नव्हते, तरीही तो २०२२पर्यंत मंचावर येत राहिला. मेलिंडा जानेवारी २०२४मध्ये गेली, ब्रायन ११ जून २०२५ रोजी, ८३वा वाढदिवस नऊ दिवसांवर असताना.

सराव काय करायचा तेही सांगतो. तुमच्या पुढच्या गाण्याची सगळी वाद्यं एका मोनो ट्रॅकवर उतरवा आणि मूळ फाइल मित्राकडे ठेवायला द्या, म्हणजे मागे फिरता येणार नाही. मग त्यावर आवाज घ्या. तुमची अरेंजमेंट कुठे ढिली आहे ते पहिल्या दहा मिनिटांत कळेल.

आणि 'गॉड ओन्ली नोज'चं मोनो मिक्स हेडफोन न लावता, फोनच्या स्पीकरवर ऐका. शेवटी आवाज एकमेकांच्या मागून फेर धरतात, तिथे कान द्या. कार्ल थकून घरी गेला होता, म्हणून स्टुडिओत ब्रायन आणि ब्रूस जॉन्स्टन असे दोघंच उरले होते. मधला आवाज ब्रूसचा. वरचा आणि खालचा, दोन्ही ब्रायनचे.